नितळ पाण्याची तिथी

उलव्याच्या उत्तरेला पनवेलची खाडी, पश्चिमेला मुंबई बंदराचं पाणी आणि पलीकडे घारापुरी. दाराशी एवढं पाणी असूनही सुट्टी लागली की इथली कुटुंबं स्नॉर्केलिंगसाठी मालवण-तारकर्ली गाठतात. हल्ली काही जण मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझने थेट लक्षद्वीप. मोराव्याच्या जेट्टीवरून खाली पाहिलं तर कारण कळतं: वीतभर खोलवरचंही दिसत नाही. त्याचा सगळा दोष सांडपाण्याला दिला जातो. सांडपाणी येतं हे खरं आणि या पाण्यात मुलांना उतरवू नये हेही खरं. पण मुंबईत एकही गटार नव्हतं तेव्हाही ही खाडी गढूळच होती.

मुंबईसमोर समुद्राचा तळ जवळपास 300 किलोमीटरपर्यंत उथळ पसरला आहे. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद होत जातो. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते आणि या उथळ पसाऱ्यावर तिची उंची वाढत जाते. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक मालवणला सव्वादोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईला पाच मीटरच्या घरात जातो, खंभातच्या आखातात तर त्याच्याही दुप्पट होतो. एवढं पाणी सहा तासांत पनवेलच्या खाडीत शिरायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणजे तळ ढवळला जाणारच.

आणि तळ आहे चिखलाचा. दोन मायक्रॉन जाडीचा मातीचा एकटा कण अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला तीन दिवस घेतो. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या लवकर बसतात. पण भरतीचा जोर आला की गुठळ्या फुटतात आणि चिखल पुन्हा वर येतो.

मालवणला भरती कमी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तळ खडकाचा आणि वाळूचा. वाळूचा कण ढवळला तरी झटकन खाली बसतो. म्हणूनच तिथे प्रवाळ तग धरू शकले. 1979 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वफार यांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली, त्यात मालवणही होतं. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. अर्थात कर्ली नदीचा गाळ इथेही येतो, त्यामुळे लक्षद्वीपची नितळाई मालवणला मिळणार नाही. लक्षद्वीपला नदीच नाही, आणि वाळू आहे ती प्रवाळांचीच.

मग मालवणला कधी जायचं? पावसाळ्यात पर्यटकांचे जलक्रीडा प्रकार बंदच असतात आणि त्यानंतरही काही आठवडे पाणी निवळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. त्यातही सकाळी, कारण मतलई वाऱ्यात पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात. पर्यटक सहसा शनिवार-रविवार बघतात, मी म्हणेन तिथी बघा. अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो, प्रवाह मंदावतो आणि गाळही कमी उठतो. लहान मुलं बरोबर असतील तर मंद प्रवाह स्वच्छ पाण्याहूनही महत्त्वाचा. लाइफ जॅकेट हवंच, आणि प्रवाळावर पाय टेकवून उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

उलव्यात मात्र नेमकी उलटी तिथी साधायची. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर येतं सव्वाअकरा. मुंबईच्या परिसरात प्रत्यक्षात बाराच्या सुमारास भरती लागते. म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास उधाणाची ओहोटी, आणि खाडीतला चिखल दूरवर उघडा. जेट्टीवरून किंवा बांधावरून, चिखलात न उतरता, दुर्बीण घेऊन बघायचं. निवट्या कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत चिखलावर सरपटतात. एका बाजूचा नांगा अवाढव्य असलेले नर खेकडे तो हलवून माद्यांना बोलावतात. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात.

नजर सरावली की चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसते. ते डायटम, एकपेशीय शैवाल. ओहोटीला उजेड असला की ते पृष्ठभागावर सरकतात आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली जातात. गोगलगायी, किडे, कोळंबीची पिल्लं यांचं बरंच पोट या सायीवर चालतं. ठाणे खाडीतल्या छोट्या रोहित पक्ष्यांच्या आहारातही असं सूक्ष्म शैवाल असतं. ज्या गढूळपणामुळे आपण मालवणला पळतो, त्याच्या तळाशी हे ताट वाढलेलं असतं. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात असं सूक्ष्म खाद्य फार थोडं.

मुलांना मोजमापच करायचं असेल तर इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांची 1865 ची युक्ती अजून चालते. स्टीलची ताटली पांढरी रंगवायची, खाली वजन बांधायचं, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारायची आणि जेट्टीवरून सोडायची. ताटली दिसेनाशी होईल तिथली गाठ वहीत लिहायची, शेजारी तिथी आणि भरतीची वेळ. काम मोठ्या माणसाचा हात धरूनच करायचं. तीच ताटली पुढे मालवणच्या बोटीतूनही सोडता येते. तिथे दोरी लांब लागेल.