पर्यटनाची पदवी : प्रवेश घेण्यापूर्वी



जून महिना आला की गट ऑफिसात आडसाली लागणीबरोबर मुलांच्या प्रवेशाचीही चर्चा निघते. बी.एस्सी. ॲग्री, इंजिनिअरिंग, नर्सिंग हे आपल्या माहितीचे. आता काही सभासद नवाच प्रश्न काढतात, "साहेब, पोरगं टुरिझमची डिग्री म्हणतंय. हिंडायला कसली डिग्री लागते हो?"

प्रश्न रास्त आहे. फी ऊस बिलातूनच जाणार आणि मुलाची तीन वर्षेही जाणार. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथे वर्ष केले तर ऑनर्स. तेव्हा या पदवीत शिकवतात काय, ते आधी पाहू.

इतिहास, भूगोल, लेणी-किल्ले हा भाग आहेच. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले ११ आपल्या राज्यातले; पन्हाळा त्यातच. पण खरा अभ्यास हिशेबाचा. समजा, चार दिवसांच्या सहलीला बसचे भाडे ४०,००० रुपये आणि माणशी राहणे-जेवण ३,००० रुपये. बस वीस जण घेऊन गेली काय किंवा चाळीस, भाडे तेच. एकरी मशागत तीच, टनेज वाढले की टनामागे खर्च उतरतो, तसेच हे. सहलीचा दर माणशी ५,००० ठेवला तर वीस माणसांवर हिशेब बरोबरीत सुटतो. पस्तीस आले तर ३०,००० उरतात. पंधराच आले तर १०,००० खिशातून जातात. शिवाय हॉटेलचा ॲडव्हान्स आधी द्यावा लागतो, कोणी ऐनवेळी नाव काढून घेतो, हंगामात दर चढतात. हे सगळे धरून दर बांधायचा. ज्याला आकडेमोडीचा कंटाळा, त्याने या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याखेरीज विमान-रेल्वेचे आरक्षण, हिशेबनीस, जाहिरात, एखादी परकी भाषा. एखाद्या जागेला किती माणसे सोसतील हाही विषय असतो. कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोजच्या माणसांवर मर्यादा घालतात ती यासाठीच. एकरी टिपरी किती घालावीत याला जसे प्रमाण आहे, तसेच तिथेही आहे.

आता नोकरीचे. सुरुवात बहुधा ट्रॅव्हल कंपनीच्या टेबलावर किंवा हॉटेलच्या काउंटरवर होते, आणि पगार बेताचाच असतो. दिवाळी आणि मे महिना म्हणजे यांचा गळीत हंगाम. घरचे सणाला एकत्र, आणि हा गिऱ्हाइकांबरोबर बाहेरगावी. मुलीला पाठवावे का, असेही विचारतात. पाठवावे. आरक्षण, दर बांधणे ही कामे ऑफिसात बसून होतात. आणि सहल घेऊन जाणाऱ्या मुलीही आज आहेतच. धंदा नाजूक आहे एवढे मात्र ध्यानात ठेवा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे परदेशाची नियमित प्रवासी विमाने थांबली, ती मार्च २०२२ मध्येच पूर्ववत झाली. तेवढ्या काळात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. तांबेरा परवडला म्हणायची पाळी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागद तपासणे. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि कायद्याने तो अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. गावोगावी 'इन्स्टिट्यूट' निघतात, विमानाचे चित्र छापतात आणि देतात ती पदविका किंवा नुसते सर्टिफिकेट. मी स्वतः कृषी पदविकावाला, पदविकेला कमी लेखणार नाही. पण पदविका आहे हे समजून पैसे भरावेत. जिथे पदवीधर मागतात तिथे ती चालत नाही. आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती जरूर बघावी. केंद्र शासनाच्या पर्यटन खात्याची १९८३ साली सुरू झालेली संस्था ग्वाल्हेरला आहे, तिचे एक केंद्र गोव्यातही आहे. घरी राहून शिकायचे तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ हा विषय पोस्टाने शिकवते. खाजगी कॉलेजात 'शंभर टक्के नोकरी' म्हणाले तर मागच्या तीन वर्षांची मुले कुठे लागली, याची यादी मागा, आणि त्यांतल्या दोघांना फोन लावा. प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती महिन्यांचा आणि कुठल्या कंपनीत, तेही विचारा.

आणि हेतू फक्त आपल्या रानात कृषी पर्यटन केंद्र काढण्याचा असेल, तर पदवी लागत नाही. शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पोराला पदवीला घालण्यापूर्वी अशी दोन चालू केंद्रे बघून यावे, तेही पावसाळ्यात, गर्दी नसताना.

माहितीपत्रक हाती असेल तर फी भरण्याआधी गट ऑफिसला घेऊन या, बरोबर बसून वाचू. सकाळी मी लागणीच्या नोंदीला शिवारात असतो, तेव्हा दुपारी तीननंतर यावे. मुलालाही बरोबर आणावे.