काकांची व्हॅन आणि हरवलेले दोन व्होल्ट

‘‘इंजिनिअरिंगला आहेस ना? मग बघ की जरा!’’ हे वाक्य ज्याने घरी ऐकलं नाही, असा प्राणी आपल्या होस्टेलवर सापडणार नाही. त्यातून मी इलेक्ट्रिकलची, म्हणजे सुटकाच नाही. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा लूज काँटॅक्टवर चालतं, तेवढं सांभाळून घ्या.)

कोल्हापूरला माझ्या काकांकडे एक जुनी डिझेल व्हॅन आहे, वयाने माझ्यापेक्षा मोठी. मागची बाकडी काढून त्यांनी तिथे फळीचा पलंग, स्टोव्हचा कप्पा आणि पाण्याचा कॅन बसवलाय. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यातून गणपतीपुळ्याला जायचं ठरलं, पण हेडलाइट अगदी मिणमिणते. गॅरेजमध्ये दोनदा बल्ब बदलून झाले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत म्हटलं, ‘‘काका, ६०/५५ वॉटचे बल्ब काढा, १००/९० चे टाका.’’ जास्त वॉट, जास्त उजेड. साधं गणित!

ते गणित आंबा घाटात चुकलं. साखरप्याकडे उतरताना एका वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. समोर मिट्ट काळोख, बाजूला दरी, गाडीत आजी आणि दोन लहान भावंडं. काकांनी कशीबशी गाडी थांबवली. काही सेकंद कुणी बोललंच नाही. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. हेडलाइटच्या स्विचचा कपलर वितळला होता. इंडिकेटर तेवढे चालत होते. ते लावून, एका ट्रकवाल्या दादांच्या मागे मागे आम्ही हळूहळू खाली उतरलो. काका मला एक शब्दही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

परत आल्यावर नवा स्विच टाकला, जुने ६०/५५ चे बल्ब लावले. उजेड पुन्हा मिणमिणताच! मग मी मल्टिमीटर घेऊन बसले.

आधी दिवे बंद ठेवून कंटिन्युइटी तपासली. सगळीकडे ‘बीप’. म्हणजे वायरिंग ओके? अजिबात नाही, मित्रांनो. मीटर अगदी किरकोळ करंट सोडून तपासतो. वायरच्या दहा तारांपैकी नऊ तुटल्या आणि एक उरली, तरी तो बीप करणारच. पण ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो. वाटेत ०.३ ओहमचा अडथळा असला, तर ४ अँपिअरलाही तिथेच १.२ व्होल्ट खर्च होतात. इतका छोटा रेझिस्टन्स साध्या मीटरवर नीट मोजताही येत नाही. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. याला ‘व्होल्टेज ड्रॉप टेस्ट’ म्हणतात.

मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवला, दिवे डिपरवर चालू केले आणि डाव्या हेडलाइटपासून सुरुवात केली :

१) बॅटरीच्या दोन टर्मिनलवर : १२.४ व्होल्ट.
२) बल्बवर, कपलर न काढता मागून प्रोब घालून : १०.१ व्होल्ट. म्हणजे २.३ व्होल्ट वाटेत गायब!
३) बॅटरीचं निगेटिव्ह ते बल्बची अर्थ पिन : इथे शून्याच्या जवळपास यायला हवं. आले १.४.
४) बॅटरीचं पॉझिटिव्ह ते बल्बची डिपर पिन : ०.९.

१.४ अधिक ०.९ बरोबर २.३. किरचॉफसाहेब पास!

आता यातली खरी गंमत. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. आमचं व्होल्टेज साडेअठरा टक्केच घटलं होतं, पण उजेड निम्मा झाला होता. बल्ब बिचारे निर्दोष होते.

आणि माझे १००/९० चे? डिपरवर दोन्ही बल्ब मिळून ९ ऐवजी १५ अँपिअर मागू लागले. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच जुन्या स्विचमध्ये अडीच पटीहून जास्त. तो वितळणारच होता.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. मागे डेंटिंग-पेंटिंग झालं, तेव्हा अर्थच्या थिंबलखाली रंग गेला होता आणि त्यावर गंज चढला होता. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, नवं थिंबल आवळलं, वरून ग्रीस लावलं. १.४ चे ०.१ झाले. उजवीकडेही तेच केलं.

उरलेला ०.९ चा ड्रॉप पॉझिटिव्ह बाजूचा. बल्बचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत जाऊन बारीक वायरने पुन्हा पुढे येत होता. तिथे दोन रिले टाकले, एक अप्परला, एक डिपरला. ३० नंबरची पिन बॅटरीजवळच्या फ्यूजमधून पॉझिटिव्हला, ८७ बल्बला, ८६ स्विचकडून येणाऱ्या जुन्या वायरला, ८५ अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो आणि बल्बला जाड वायरने थेट पुरवठा होतो. शेवटी बल्बवर मोजले : १२.१ व्होल्ट.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, एलईडी टाका. पण जुना रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटची जागा धरून बनवलेला असतो. त्यात भलताच बल्ब बसवला, तर उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. शिवाय गंजलेली अर्थ गंजलेलीच राहते.

संध्याकाळी काकांनी गाडी भिंतीसमोर लावून दिवे लावले. बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘इंजिनिअरबाई, पुढच्या वेळी आधी मोजायचं, मग बोलायचं.’’

मल्टिमीटर माझ्या रूमवर आहे. लागेल त्याने घेऊन जा. फक्त परत देताना आतला ९ व्होल्टचा सेल संपवून देऊ नका!