कचेरीतली सावड

आमच्या पडवीच्या आढ्याला एक जुने जू टांगलेले आहे. दावणीचे बैल जाऊन कैक वर्षे झाली, पण आजोबा ते उतरवू देत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी त्यांनी दोनांतला एक बैल विकला. पुढच्या पावसाला दावणीला एकच बैल उरला, आणि एका बैलावर नांगर चालत नाही. शेजारच्या वस्तीवरही तीच गत. तेव्हा दोघांनी सावड केली. दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली आले आणि दोन्ही घरची पेरणी झाली. ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मात्र मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत कळला, आणि तोही एका कचेरीत!

सुटीत मी एका कचेरीत तात्पुरत्या कामाला लागलो होतो. तिथे चौदा टेबले आणि चौदा स्टेपलर. त्यांपैकी पाच बिघडलेले. कात्र्या, पंच, फूटपट्ट्या यांचीही तीच तऱ्हा. एक ना धड, भाराभर चिंध्या! साहेबांच्या मनात आले की, हे सारे एका कपाटात ठेवावे आणि सर्वांनी मिळून वापरावे. पैसा वाचेल, शिवाय पर्यावरणालाही हातभार लागेल.

विचार उत्तम होता. वाचक मित्रहो, तो का उत्तम, हे आधी पाहू. कात्रीने कागद कापताना निसर्गाची हानी जवळजवळ होतच नाही. हानी होते ती कात्री घडवताना. खनिज खोदा, भट्टीत कोळसा जाळा, मुठीसाठी खनिज तेलापासून प्लॅस्टिक करा, वेष्टनात गुंडाळा, ट्रकने पोहोचवा. एवढे करून ती कात्री दिवसाकाठी पाच मिनिटे चालते आणि उरलेला वेळ खणात झोपते. चौदांच्या जागी तीन कात्र्यांवर भागले, तर अकरांचा भार पृथ्वीवर पडतच नाही. विजेवर चालणाऱ्या यंत्रांचे गणित थोडे निराळे आहे. टेबलागणिक छपाईयंत्र ठेवले, तर प्रत्येक यंत्र नुसते चालू राहूनही वीज खाते. एक सामायिक यंत्र हा खर्चही वाचवते.

नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे मांडली. आपली गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढू नये, हे तिचे सार. आपल्याकडे ‘सेबी’ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना आपल्या पर्यावरणविषयक व सामाजिक वर्तनाचा अहवाल देणे बंधनकारक केले आहे. अहवाल हवाच, पण माझ्या मते त्याची सुरुवात टेबलाच्या खणातून व्हावी.

असो. आमच्या कपाटाचे पुढे काय झाले? तीनच आठवड्यांत बारभाई कारभार झाला. पंच मोडला, तो कोणी मोडला ते कळेना. मग एके दिवशी कॅल्क्युलेटर दिसेना. सर्वांच्या नजरा शिपाईमामांकडे वळल्या. कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ, आणि कचेरीत सर्वांत गरीबही तेच. दोन दिवस त्यांनी खाली मान घालून बोलणी ऐकली. तिसऱ्या दिवशी मला आठवले, की ते कॅल्क्युलेटर मीच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले होते आणि फायलींखाली ते दबले होते. मी सर्वांसमोर चूक कबूल केली आणि मामांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, “बाळा, वहीत लिहीत जा.”

त्या रात्री आजोबांना विचारले, “तुमच्या सावडीत भांडण कसे झाले नाही?” ते म्हणाले, “आधीच ठरवलं होतं. पहिला नांगर कोणाच्या रानात, बैलाला चारा कोणी घालायचा, आणि एखाद्याच्या रानात बैलाला इजा झाली तर औषधपाणी कोणाचं.” म्हणजे सावड ही नुसती माया नव्हती. तिला कायदा होता.

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे मांडले की, सामायिक कुरणात जो तो आपली जनावरे वाढवतो आणि शेवटी कुरणच उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेनचे पाट अभ्यासून दाखवले की, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि स्वतःच देखरेख ठेवली, तर सामायिक वस्तू शतकानुशतके टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आपल्याला इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी पाटांनी खेळू लागले. पाटाच्या पाण्याची शेजपाळी आपल्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही. पाळी ठरलेली असते, म्हणून पाणी सर्वांचे होते. कोल्हारपासून जवळच, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तोही अनेकांनी एक जू खांद्यावर घेतले म्हणूनच.

तेव्हा कचेरीतल्या सावडीचे नियम मला असे सुचतात. वस्तू नेताना आणि ठेवताना वहीत नोंद करावी, आणि ती साहेबांनाही लागू असावी. सांभाळण्याची पाळी दर महिन्याला बदलावी, म्हणजे दोष एकाच्याच माथी बसणार नाही. मोडले तर न लपवता सांगावे, आणि दुरुस्तीचा खर्च आधीच बाजूला काढलेला असावा. टॉवेलासारख्या वस्तू मात्र ज्याच्या त्यानेच ठेवाव्यात. चहासाठी कागदी पेल्यांऐवजी स्टीलचे पेले खुशाल सामायिक ठेवावेत, पण नीट धुऊन. कागदी पेल्याच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याचा कागद पुन्हा सहजी वापरता येत नाही.

कचेरीतले ते कपाट अजून चालू आहे आणि त्यावर दोरीने बांधलेली वहीही आहे, असे मामांनी परवा बाजारात भेटल्यावर सांगितले. आपल्या महाविद्यालयातही प्रत्येक विभागात असे एक कपाट होऊ शकेल. प्राध्यापकांनी परवानगी द्यावी. वही मी आणतो, आणि पहिल्या महिन्याची पाळीही माझी.

— तृतीय वर्ष, कला (अर्थशास्त्र)