समुद्राच्या तळाशी पडलेला जहाजाचा पंखा परत का शोधतात?

५ नोव्हेंबर २०१३. न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीतून जाणाऱ्या 'अरातेरे' या मोठ्या फेरीबोटीचा एक प्रोपेलर, म्हणजे जहाजाला पुढे ढकलणारा पंखा, भर समुद्रात निखळला आणि तळाशी गेला. बोटीला दोन पंखे होते, त्यामुळे उरलेल्या एका पंख्यावर तिने बंदर गाठलं.

आता साधा प्रश्न पडतो. पंखा गेला, तर नवीन बसवायचा. एवढ्या खोल पाण्यातून जुना पंखा शोधून वर काढायचा खटाटोप कशासाठी? तो पंखा पुन्हा वापरायचा नव्हता, तरीही तो शोधून वर काढण्यात आला. कारण अपघाताचा अर्धा पुरावा त्याच्यासोबत समुद्रात गेला होता.

ही बोट इतकी महत्त्वाची का होती?

न्यूझीलंडची उत्तर आणि दक्षिण ही दोन मुख्य बेटं आहेत. त्यांच्यामध्ये कुक सामुद्रधुनी आहे. वेलिंग्टन ते पिक्टन हा फेरीचा प्रवास साधारण साडेतीन तासांचा. सरकारी मालकीच्या 'किवीरेल'ची 'अरातेरे' प्रवासी, मोटारी आणि ट्रक तर नेतच असे, शिवाय तिच्या डेकवर रूळ होते. मालगाडीचे डबे थेट बोटीत चढायचे आणि पलीकडच्या बेटावर उतरायचे. पंखा गेल्यावर ती कित्येक महिने सेवेबाहेर राहिली. तिची जागा भरून काढायला 'स्टेना अलेग्रा' ही दुसरी बोट भाड्याने आणावी लागली.

एवढा मोठा पंखा पडतोच कसा?

पंखा ज्या जाड पोलादी दांड्यावर बसवलेला असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. 'अरातेरे'चा पंखा सैल होऊन निसटला नव्हता, तिचा शाफ्टच तुटला होता. न्यूझीलंडच्या वाहतूक अपघात चौकशी आयोगाने तपास केला, तेव्हा कारण निघालं धातूचा थकवा, म्हणजेच मेटल फटीग.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवत राहिलं, की तुटते. शाफ्टचंही तसंच होतं. त्याच्या टोकाला टनावारी वजनाचा पंखा लटकत असतो. त्यामुळे शाफ्ट फिरताना प्रत्येक फेऱ्यात किंचित ताणला आणि दाबला जातो. उदाहरणादाखल मिनिटाला १५० फेरे धरले, तर तासाला ९,००० फेरे होतात. कुठेतरी बारीकशी चीर पडली, की ती प्रत्येक फेऱ्यागणिक केसभर पुढे सरकते. शेवटी उरलेला धातू भार पेलू शकत नाही आणि एका क्षणात तुकडा पडतो.

मग पुरावा कुठे असतो?

तुटलेल्या पृष्ठभागावर. थकव्याने पडलेली चीर थांबत थांबत वाढते आणि मागे वलयांसारख्या खुणा ठेवते. ओहोटीच्या वेळी वाळूवर पाण्याच्या रेषा उमटतात, तशाच त्या दिसतात. म्हणून त्यांना 'बीच मार्क' म्हणतात. ही वलयं उलट वाचत गेलं, की चीर कुठून सुरू झाली ते कळतं. सुरुवात धातूतल्या दोषाने झाली, गंजाने झाली की पंखा नीट न बसल्याने झाली, याचा अंदाज तिथूनच बांधता येतो.

तुटलेल्या शाफ्टला दोन चेहरे असतात. एक जहाजात राहतो, दुसरा पंख्यासोबत तळाशी जातो. शिवाय पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट दाबून बसवलेला असतो. ती पकड कशी होती, पंखा किंचित हलत होता का, याच्या खुणा पंख्याच्या मधल्या भोकात असतात. त्या जहाजावर सापडूच शकत नाहीत.

आणि उत्तराची घाई असते. त्याच बोटीला दुसरा पंखा आणि दुसरा शाफ्ट आहे. एकाला ज्या कारणाने चीर पडली, त्याच कारणाने दुसऱ्यालाही पडत असेल तर? दोन्ही पंखे गेलेलं जहाज वारा आणि प्रवाह नेईल तिकडे वाहत जातं.

एवढ्या समुद्रात तो सापडतो कसा?

सुरुवात वेळेपासून होते. पंखा गेला की त्या बाजूच्या यंत्रावरचा भार अचानक उतरतो. ही नोंद आणि जहाजाची जीपीएस नोंद जुळवली, की कोणत्या क्षणी जहाज कुठे होतं ते कळतं. त्याभोवती शोधाचा चौकोन आखतात.

मग सोनारचं काम. ध्वनिलहरी तळावर आदळून परततात आणि त्यांवरून तळाचं चित्र तयार होतं. पण खडक, जुने नांगर, इतर भंगार हेही त्या चित्रात दिसतं. लोखंड शोधणारा मॅग्नेटोमीटर इथे फारसा कामाचा नाही, कारण मोठे पंखे बहुतेक निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे असतात आणि हा मिश्रधातू चुंबकाला नीट दाद देत नाही. म्हणून संशयित जागी आरओव्ही, म्हणजे वरच्या जहाजावरून केबलने चालवायचं कॅमेरेवालं यंत्र उतरवतात आणि डोळ्यांनी खात्री करतात.

वर काढणं अवघड का?

कुक सामुद्रधुनीची सरासरी खोली सुमारे १२८ मीटर आहे. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटरची. १०० मीटरवर दाब जमिनीवरच्या ११ पट होतो. त्यामुळे अशा खोलीवर माणसाऐवजी यंत्र पाठवणंच शहाणपणाचं.

त्यात या सामुद्रधुनीचा स्वभाव वेगळा. तिच्या एका तोंडाला भरती असते, तेव्हा दुसऱ्या तोंडाला जवळपास ओहोटी असते. त्यामुळे मधून पाणी जोरात धावतं. भरती-ओहोटी पालटताना ते थोडा वेळ शांत होतं. आरओव्हीच्या यांत्रिक हाताने पंख्याला पट्टे अडकवायचे, तर तेवढाच वेळ हाताशी असतो.

पाण्यात वस्तू हलकी होते खरी, पण ब्राँझ इतकं जड असतं की १० टनांचा पंखा पाण्यातही साडेआठ टनांच्या वर भरतो. तळाच्या गाळात रुतला असेल तर आधी ती पकड सोडवावी लागते. सगळ्यात धोक्याचा क्षण येतो पंखा पाण्याबाहेर निघताना. पाण्याचा आधार सुटतो, लाटेने क्रेनचं जहाज वरखाली होतं आणि दोरावरचा ताण झटक्याने वाढतो.

वर आल्यावर काय करतात?

तुटलेला भाग गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करतात आणि झाकून ठेवतात. तारेच्या ब्रशने घासत नाहीत. नीट जुळतात का हे पाहायला दोन तुकडे एकमेकांवर टेकवण्याचा मोहही टाळतात, कारण त्याने बारीक खुणा पुसल्या जातात. खारं पाणी पोलाद खातं, म्हणून तळाशी गेलेला प्रत्येक दिवस पुरावा थोडा पुसत असतो.

नवा पंखा आणि नवा शाफ्ट पैसे मोजून मिळतात. जुना का तुटला हे कळलं नाही, तर नव्याचंही तेच होऊ शकतं. म्हणून तळाशी पडलेला तो तुकडा इतका मोलाचा असतो.