कापूस आला, साठा हलेना

जळगाव जामोदच्या कापूसपट्ट्यात ओलावा हा थेट पैशाचा विषय. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापते, त्याहून ओला कापूस घेतच नाही. तयार सॉफ्टवेअरला ही कटती कुठून ठाऊक असणार? मग बदल करून घ्यावे लागतात आणि घोळ तिथेच होतात.

समजा, एखाद्या जिनिंगने ईआरपीनेक्स्ट घेतले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची, पायथनमध्ये लिहिलेली ही मुक्त प्रणाली. आवकीची पावती सबमिट केली की तिची 'ऑन सबमिट' ही मेथड चालते आणि साठ्यात नोंद पडते. प्रोग्रामर पावतीचा क्लास बदलून त्याच नावाची आपली मेथड लिहितो: शेतकऱ्याला एसएमएस पाठव. एसएमएस जातो, पावती सबमिट झालेली दिसते, मालक खूश. गोदामातला कापूस मात्र कागदोपत्री वाढतच नाही. नव्या मेथडने जुनी झाकली गेली. 'सुपर' लिहून तिला मुद्दाम बोलवायचे राहिले. इशाराही येत नाही, कारण संगणकाच्या लेखी काही चुकलेलेच नसते.

बरे, सुपर लिहायचे तरी कुठे? 'व्हॅलिडेट' या तपासणीच्या मेथडमध्ये कटती करायची तर सुपरच्या आधी. बेरजा आणि कर मूळ मेथडच्या आतच ठरतात. नंतर भाव उतरवला तर एकूण रक्कम जुन्याच भावाची राहते.

सगळ्यात लबाड खड्डा वेगळाच आहे. व्हॅलिडेट प्रत्येक सेव्हला चालते. ७,००० रुपये भावावर २ टक्के कटती म्हणजे ६,८६०. कारकुनाने गाडी नंबर दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केले की ६,७२२.८०! म्हणून ठरलेला भाव वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि कटती दरवेळी त्यावरूनच काढावी.

काही जण मूळ मेथडच उतरवून घेतात आणि मध्ये आपल्या चार ओळी घालतात. पण नियम बदलत राहतात. जीएसटी १ जुलै २०१७ला आला. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसाचा कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा, हा नियम त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून. अशा बदलांसाठी मूळ मेथड नव्या आवृत्तीत सुधारली, तरी उतरवलेली प्रत जुन्याच वळणाने चालते.

खरे तर एसएमएससाठी मेथड झाकायची गरजच नव्हती. हुक्स नावाच्या फाइलमध्ये सबमिटच्या घटनेला आपले फंक्शन जोडता येते. मूळ काम झाल्यावर ते चालते. फक्त त्यात मध्येच डेटाबेस 'कमिट', म्हणजे नोंद पक्की, करू नये, आणि एसएमएस कमिटनंतरच्या रांगेत टाकावा. नाहीतर पुढे गडबड होऊन पावती मागे फिरते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मात्र माल पोचल्याचा निरोप जाऊन बसलेला असतो.