सर्वात कमी वेग किती?

कराडजवळच्या एका वाचकाने विचारलं आहे: हल्ली लहान जेट विमानांच्या जाहिरातींत ‘छोट्या धावपट्टीवरही उतरतं’ असं लिहिलेलं असतं, मग ती आमच्या कराडला का उतरू नयेत? प्रश्न मला फार आवडला. कारण या विमानांबद्दल बोलताना लोक सहसा कमाल वेग विचारतात, आणि हा वाचक नेमकं उलट टोक धरून बसला आहे. सहा-आठ जणांना घेऊन जाणाऱ्या जेटने ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जाणं आज फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते सावकाश उडणं.

पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तशीच कमीही होते. वेग उतरवत गेलं की एका टप्प्यावर पंख विमानाचं वजन पेलेनासे होतात. वैमानिक त्याला ‘स्टॉल’ म्हणतात. उतरताना धावपट्टीच्या टोकावर या वेगाच्या सुमारे १.३ पट वेग राखतात. चाकं टेकल्यावर ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची असते तीही वेगाच्या वर्गाने मोजायची. म्हणजे टेकण्याचा वेग दहा टक्क्यांनी कमी झाला, तर ब्रेकवरचा बोजा जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी हलका होतो. लहान धावपट्टीचं सारं गणित या एका ओळीत आहे.

हे गणित पाहायचं असेल तर हिवाळ्यात उजनीच्या काठावर जाऊन बसावं. तिथे वारकरी नावाचा पाणपक्षी दिसतो, काळाकुळकुळीत अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. शरीर जड, पंख त्या मानाने लहान. उडायचं म्हटलं की तो पाण्यावर पाय आपटत, पंख फडफडवत लांबवर धावतो आणि मग कुठे हवेत उचलला जातो. त्याला धावपट्टी लागते, अख्खं धरण त्याची धावपट्टी. आता गॅलरीच्या कठड्यावर उतरणारा कावळा आठवा. शेवटच्या क्षणी तो अंग उभं करतो, शेपटी पसरतो, पंखांची पिसं फाकवतो आणि पंखाच्या पुढच्या काठावरचा अंगठ्यासारखा छोटा पिसांचा झुपका उचलतो. त्या फटीतून ताजी हवा पंखाच्या पाठीवर जाते आणि पंख स्टॉल होता होता वाचतो. विमानाच्या पंखाला फट ठेवायची कल्पना विसाव्या शतकातली. कावळ्याकडे ती आधीपासून होती.

जेटच्या रचनाकाराला एकाच यंत्रात दोन्ही पक्षी हवे असतात. वर बाराएक किलोमीटरवर वारकऱ्यासारखे लहान, सडपातळ पंख आणि खाली येताना कावळ्याचे. १५ सप्टेंबर १९६९ रोजी सेस्ना कंपनीचं पहिलं सायटेशन उडालं, तेव्हा त्या कंपनीने सरळ कावळ्याचीच बाजू घेतली होती. पंख मागे न झुकवलेले, वेग बेताचा. याला पक्षी मागून येऊन धडकतील, अशी थट्टा वैमानिक करत. पण ज्या गावांत दुसरं जेट जाऊ शकत नव्हतं तिथे ते जायचं, आणि त्या घराण्याची हजारो विमानं पुढे विकली गेली.

मात्र या कथेत मला ज्या माणसाचं नाव सर्वात आधी घ्यावंसं वाटतं, ते सेस्नातलं नाही. ते आहे हान्स-लुत्सिउस श्टूडर या स्विस अभियंत्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडला एक लढाऊ जेट हवं होतं. अट त्या देशाच्या भूगोलातून आली होती: आल्प्सच्या अरुंद खोऱ्यांत लांब धावपट्ट्या बांधायला जागाच नाही, तेव्हा विमानच आखूड जागेत उठलं-बसलं पाहिजे. बोडेन्से सरोवराच्या काठी आल्टेनऱ्हाइनच्या कारखान्यात श्टूडर यांनी पी-१६ हे विमान आखलं. पातळ पण दणकट पंख, टोकांना इंधनाच्या टाक्या, आणि सावकाश उडताना उचल वाढवण्यासाठी पंखाच्या पुढच्या-मागच्या काठांना हलते भाग. २८ एप्रिल १९५५ रोजी ते पहिल्यांदा उडालं. त्याच वर्षी पहिला नमुना कोसळला. तरीही काम चालू राहिलं, १९५८ मध्ये सरकारने शंभर विमानांची मागणी नोंदवली, आणि त्यानंतर काही दिवसांतच आणखी एक विमान सरोवरात पडलं. मागणी रद्द झाली. पाच विमानांवर सगळं थांबलं.

तेवढ्यात अमेरिकेतल्या बिल लिअर यांची नजर त्याच्यावर पडली. लहान व्यावसायिक जेट बनवायचं त्यांच्या डोक्यात होतं. पी-१६चा पंख पायाशी घेऊन काम स्वित्झर्लंडमध्येच सुरू झालं, मग १९६२ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे हललं. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी लिअरजेट २३ उडालं. पंखांच्या टोकांच्या त्या टाक्या जगभर ओळखीच्या झाल्या आणि ‘लिअरजेट’ हा शब्दच लोक खासगी जेटसाठी वापरू लागले. डोंगरी खोऱ्यांसाठी आखलेल्या पंखाचं घराणं वेगाच्या नावाने गाजलं, आणि श्टूडर यांचं नाव आज विमानांच्या पुस्तकांतसुद्धा शोधावं लागतं. मला हे मनापासून खटकतं.

म्हणूनच अर्धशतकानंतर तोच देश त्याच प्रश्नाकडे परतला याचा मला विशेष आनंद आहे. स्टान्स गावच्या पिलाटस कंपनीने पीसी-२४ हे जेट १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे स्विस राष्ट्रीय दिनी, लोकांसमोर आणलं; चोवीस घोड्यांनी ते ओढत बाहेर काढलं. (आपल्या हवाई दलाचे नवे वैमानिक याच कंपनीच्या पीसी-७ वर उडायला शिकत आले आहेत.) ११ मे २०१५ रोजी पहिलं उड्डाण झालं आणि डिसेंबर २०१७ मध्ये युरोप-अमेरिकेची मान्यता मिळाली. कमाल वेग ताशी सुमारे ८१५ किलोमीटर, स्टॉलचा वेग सुमारे १५०. वरचा वेग खालच्याच्या पाचपटींहून जास्त. जेटची तुलना करायची तर मी आधी हा भागाकार करीन.

तो साधतो पंखामागच्या दुहेरी फटींच्या फ्लॅपमुळे. उतरताना फ्लॅप मागे सरकून खाली वळतात, पंख रुंद आणि वाकडा होतो, आणि फटींतून येणारी हवा पाठीवरच्या थकलेल्या प्रवाहाला पुन्हा जोर देते. कावळ्याचीच युक्ती, पंखाच्या मागच्या बाजूला.

पण पीसी-२४ ची खरी करामत जमिनीवर आहे. ते डांबर नसलेल्या, मुरूम-खडीच्या, गवताच्या पट्टीवरही चालतं. ओल्या रानात लोखंडी धावेचं बैलगाडीचं चाक रुततं आणि रुंद टायरचा ट्रॅक्टर निघून जातो, हे आपल्याला सांगायला नको. विमानाच्या मुख्य पायांना म्हणूनच जोडचाकं दिली आहेत आणि टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवला आहे. इंजिनं शेपटीजवळ उंच बसवली आहेत. चाकांनी उडवलेले खडे पंखच अडवतात. इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग मोडायची सोय अनेक जेटना असते, ती इथे नाही. खडीवर तसा झोत सोडला तर दगड इंजिनातच यायचे.

कच्च्या पट्टीचं महत्त्व मुंबईला जुनं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते मातीच्या मैदानावरच. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, आणि टपालसेवा चार महिने पुण्याला हलवावी लागायची.

पीसी-२४ ची इंजिनं हा आणखी एका विस्मृत माणसाचा वारसा. सॅम विल्यम्स यांनी १९५५ मध्ये मिशिगनमध्ये लहान जेट इंजिनांची कंपनी काढली. मोठं इंजिन छोटं करणं म्हणजे नकाशा लहान छापणं नव्हे. पात्याचं टोक आणि भोवतीची भिंत यांत एक बारीक फट ठेवावीच लागते. पातं हातभर लांब असेल तर ती फट खिजगणतीत नाही. पातं दोन बोटांचं असेल तर तेवढ्याच फटीतून बराच दाब निसटून जातो. विल्यम्स यांनी ही लढाई दशकानुदशके लढवली. १९६९ मध्ये त्यांच्या इंजिनाच्या जोरावर एक माणूस पाठीवर जेट बांधून उडाला, नंतर तीच विद्या क्रूझ क्षेपणास्त्रांत गेली, १९७८ ची कॉलियर ट्रॉफी, अमेरिकी हवाई क्षेत्रातला मानाचा पुरस्कार, त्यांना मिळाली. मग एफजे४४ हे इंजिन आलं, आणि लहान जेट खरोखर लहान होऊ शकलं. पीसी-२४ वर त्याचीच मोठी आवृत्ती आहे: वजन सुमारे ३०० किलो, रेटा त्याच्या पाचपट. हे सगळं केलेल्या माणसाची दृष्टी आनुवंशिक विकाराने गेली होती, आणि कृत्रिम दृष्टिपटल बनवणाऱ्या कंपनीच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

आता कराड. पीसी-२४ चा उतरण्याचा छापील आकडा सुमारे ७२० मीटर. ब्राझीलच्या एम्ब्राएरच्या फेनम ३०० चा आकडाही त्याच घरातला, आणि ते वेगात पुढे आहे, डांबरी पट्टीवर तुल्यबळ. पण असे आकडे समुद्रसपाटी, १५ अंश तापमान, कोरडी धावपट्टी आणि ठरावीक वजन धरून दिलेले असतात, आणि प्रत्येक कंपनी आपल्या सोयीचं वजन धरते. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या जेटसाठी अमेरिका-युरोपचा प्रचलित नियम सांगतो की विमान उपलब्ध धावपट्टीच्या साठ टक्क्यांत थांबलं पाहिजे. ओल्या पट्टीसाठी त्यावर आणखी पंधरा टक्के. ७२० चे मग १,२०० होतात, पावसात १,३८०. कराडची धावपट्टी सुमारे १,२८० मीटर.

कोरड्या दिवशी जमलं, असं वाटेल. पण कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळीसवर असताना तिथली हवा छापील परिस्थितीपेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने विरळ असते. तेवढीच उचल मिळवायला वेग आठ टक्क्यांनी वाढवावा लागतो, अंतर सोळा टक्क्यांच्या आसपास वाढतं, आणि उड्डाण करताना इंजिनांचा रेटाही घटतो. तेव्हा माझं उत्तर असं: जानेवारीच्या सकाळी, माणसं आणि इंधन बेताचं घेऊन, हो. भर उन्हात किंवा आषाढात भरलेलं विमान घेऊन, या नियमाने नाही. जाहिरातीतल्या आकड्यावर दौरा ठरवणाऱ्याने आधी हा हिशेब वैमानिकाला मागावा, आणि वैमानिक ‘नाही’ म्हणाला तर तिथेच थांबावं.

कॉकपिटमधली उपकरणं इथे मदतीला येतात, पण ती धावपट्टी लांब करत नाहीत. २०२० पासून फेनममध्ये अशी यंत्रणा आली की विमान जास्त वेगाने किंवा जास्त उंचावरून येत असेल तर ‘पट्टी पुरणार नाही’ असा इशारा उतरण्याआधीच मिळतो. टचस्क्रीनच्या झगमगाटापेक्षा मला हा इशारा मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या लहान विमानतळांसाठी त्याहून मोठी गोष्ट आहे ‘गगन’, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली. ढगांतून नेमकं खाली आणणारी जमिनीवरची महागडी अँटेना-यंत्रणा लहान गावांना मिळत नाही. ‘गगन’ उपग्रहांवरून जीपीएसमधली चूक दुरुस्त करून पाठवतं आणि विमानाला उतरण्याची तिरपी वाट आखून देतं. भारतावर हे जास्त कठीण होतं, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे वरच्या आयनांबरात इथे फार उलथापालथ असते आणि संकेत त्यात वेडेवाकडे अडखळतात. शास्त्रज्ञांना त्यासाठी इथल्या आकाशाचं वेगळं प्रारूप बनवावं लागलं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एटीआर हे पंख्यांचं प्रवासी विमान या वाटेने उतरलं. योग्य उपकरणं असलेलं लहान जेटही अशाच वाटेने येऊ शकतं.

पीसी-२४ ला त्याचं खरं घर मात्र ऑस्ट्रेलियात मिळालं आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या तिथल्या उडत्या डॉक्टरांचं पहिलं विमान १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून निघालं होतं. त्यांच्या सेवेत २०१८ च्या अखेरीस हे जेट दाखल झालं: मागचं मोठं दार उघडून स्ट्रेचर सरळ आत, एका वेळी तीन रुग्ण. उजवं इंजिन जमिनीवर मंद चालवून आतला गारवा आणि वीज चालू ठेवता येते, कारण तिथे बाहेरून वीज द्यायला काहीच नसतं. रात्रीचा निरोप आला की गुरांच्या कुरणाचा मालक पट्टीच्या दोन्ही कडांना डब्यांत इंधनात भिजवलेले कागदाचे गुंडाळे पेटवून ठेवतो, मग गाडी काढतो आणि कांगारू हाकलत ती पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. गाडी बाजूला झाली की विमान उतरतं.