वळलेला सोप्रानो म्हणजे छोटा ऑल्टो नव्हे

सॅक्सोफोनचा विषय निघाला की हुबळी-धारवाडात मंगळुरूच्या कद्री गोपालनाथांचं नाव येणारच. त्यामुळे वळलेला छोटा सॅक्सोफोन दिसला की ‘गोपालनाथ वाजवायचे तोच हा’ अशी समजूत होते. ते वाजवत तो ऑल्टो. १९८० च्या मुंबईच्या जॅझ यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडीसोबत त्यांनी वाजवलं तेही ऑल्टोवरच. वळलेला सोप्रानो दिसायला तसाच, पण ऑल्टोपेक्षा पंचमाने चढा आणि टेनरपेक्षा पूर्ण सप्तकाने.

एवढंसं वाद्य म्हणजे शिकाऊ पोरांचं, हाही भ्रमच. नळी आखूड, त्यामुळे ओठांची पकड जराशी ढळली तरी सूर सरकतो. सुराच्या बाबतीत चोखंदळ असलेल्या धारवाडकरांना ते लगेच खटकेल. नवशिक्याने ऑल्टोवरच हात बसवलेला बरा.

आणि पितळी असला तरी तो ब्रास गटातलं वाद्य नव्हे. आवाज रीडच्या कंपनातून निघतो. बेल्जियमच्या आडोल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं.

सर्वांत चिवट समज असा की सरळ सोप्रानो तीक्ष्ण आणि वळलेला गोड. फरक थोडा आहे, पण आवाज ठरतो तो मुख्यतः नळीचा निमुळतेपणा, माउथपीस, रीड आणि वाजवणाऱ्याचा श्वास यांवर. बहुतेक सूर कर्ण्यातून बाहेर पडतच नाहीत. बोटांखालच्या पहिल्या उघड्या छिद्रांतून पडतात. कर्णा खऱ्या अर्थाने कामी येतो तो सर्वांत खालच्या सुरांना. मात्र वळलेल्या वाद्याचा कर्णा वर तोंड करून असल्याने वादकाला स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि बहुधा त्यालाच आपण गोडवा म्हणतो.

जॅझमधले मोठे लोक सरळच वाजवतात, असंही म्हणतात. सिडनी बेशे आणि जॉन कोल्ट्रेन यांची ओळख सरळ सोप्रानोशी जोडलेली आहे खरी. पण नॉर्वेचे यान गार्बारेक वळलेलाच वाजवतात, आणि त्यांचा धागा आपल्या बाजूलाही येतो: व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’ या १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्यासोबत झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू आहेत. त्रिलोक म्हणजे बेळगावच्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव.

कार्यक्रम ठेवणाऱ्यांना एक विनंती: माइक कर्ण्याच्या तोंडात खुपसू नका, थोडा दूर, कळांच्या समोर ठेवा. नाहीतर खालचे सूर गरजतील आणि वरचे हरवतील.